मधू, दार उघडू नको वं

देशकरवहिनींच्या दारात पहिल्यांदा गेलेला माणूस दचकला नाही, असं मी कधी पाहिलं नाही. आमच्या लखनौच्या इंदिरानगरात लाईट दिवसातून चारदा जायची, त्यामुळे घंटी असून नसल्यासारखी. सगळे दाराची कडीच वाजवायचे. कडी वाजली की आतून आधी एका वयस्क पुरुषाचा आवाज यायचा, "मधू, दार उघडू नको वं. आधी विचार, कोण आहे तं." पाठोपाठ बाईचा आवाज, "कोण आहे?" आणि मग दार उघडून वहिनी समोर उभ्या राहायच्या. आलेला माणूस आत बघत म्हणायचा, "साहेब घरातच आहेत वाटतं?" वहिनी शांतपणे सांगायच्या, "साहेब वारले. ही आमची मैना आहे. बसा ना."

दोन्ही आवाज त्या मैनेचे. काळीभोर डोंगरी मैना, डोक्याला पिवळा कातडी पट्टा. देशकरांनी ती नखासच्या पाखरांच्या बाजारातून आणली होती. "काम काही नाही आणि ओरडा सारखा," असं म्हणून तिचं नाव ठेवलं ठेकेदार.

चंद्रकांत देशकर वर्ध्याचे, रेल्वेत पुलांचे इंजिनियर. जन्मभर पुलांना भेगा शोधल्या, तीच सवय घरात. रिक्षात बसण्याआधी टायर दाबून बघणार, दुधात बोट घालणार. लखनौला आल्या आल्या पहिल्याच घरात चोरी झाली आणि तेव्हापासून ते वाक्य सुरू झालं. कडी वाजली की खुर्चीतून ते ओरडायचे आणि वहिनी स्वयंपाकघरातून "कोण आहे?" म्हणायच्या. पण म्हणायच्या फक्त. उत्तर यायच्या आत दार उघडलेलं असायचं. धोबी, भिकारी, वाट चुकलेला, सगळ्यांना. मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, "विचारायचं काय, विष्णूभाऊ? उघडलं की दिसतंच ना कोण आहे ते." अशा बाईला पुलाच्या इंजिनियराने कसं सांभाळलं असेल, देव जाणे.

मी शेजारचा. बँकेत अधिकारी आणि इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे गणपतीची वर्गणी आणि सगळ्यांच्या भानगडी दोन्ही माझ्याकडे.

एक्याण्णव साली देशकर गेले, बसल्या खुर्चीत. आम्ही चौघं भैंसाकुंडाच्या स्मशानातून सगळं आटोपून परतलो. दिवेलागणीची वेळ होती. वहिनींचं दार लोटलेलं होतं, मी रीत म्हणून कडी वाजवली. ज्यांना आम्ही आत्ताच अग्नी देऊन आलो होतो, ते आतून म्हणाले, "मधू, दार उघडू नको वं." आमच्यातला एकजण तिथेच पायरीवर बसला. मला कळत होतं की हे पाखरू आहे, तरी दार ढकलायला मी दुसऱ्याला पुढे केलं.

पुढे जे बघितलं ते त्याहून वाईट. हिवाळ्यातल्या संध्याकाळी मी व्हरांड्यात असलो की वहिनी शाल घेऊन स्वतःच्याच घराबाहेर यायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि स्वतःच्याच दाराची कडी वाजवायच्या. मग डोकं दाराला टेकून ऐकत उभ्या राहायच्या. आतून देशकर त्यांना सांगायचे, दार उघडू नको. आतली मधू विचारायची, कोण आहे? बाहेरची मधू काही बोलायची नाही. थोड्या वेळाने दार ढकलून आत जायची. मी बायकोला, सुरुचीला, हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही बघत जाऊ नका हो." पण नजर तिकडे जायचीच.

चौऱ्याण्णवमध्ये वहिनींनी गच्चीवरची खोली भाड्याने दिली. त्या मुलाने सांगितलेलं नाव पुढे खोटं निघालं, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. तिशीच्या आतला, शहराबाहेर चिनहटच्या कारखान्यात सुपरवायझर आहे म्हणायचा. पहिल्या दिवशी कडी वाजवली, आतून दोन्ही आवाज आले, तरी घाबरला नाही. हसून म्हणाला, "मैं हूँ, माताजी." पुढे रोज तेच. सब्जी आणायचा, फ्यूज घालायचा, ठेकेदाराला पेरू चिरून द्यायचा. त्याला मूगडाळीची खिचडी आवडते म्हणून वहिनी आठवड्यातून दोनदा करायच्या. त्यांचा मुलगा समीर बेंगळुरूला, फोनवर मराठीला हिंदीत उत्तर देणारा. हा निदान समोर बसून जेवत होता. मलाही तो आवडायचा, लपवत नाही.

त्या हिवाळ्यात बाहेर थंडीत उभं राहून वहिनींना न्यूमोनिया झाला. समीर धावत आला. त्याला सुरुचीने सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "आई, रोज़ मरे हुए आदमी से बात करना ठीक नहीं है. इस मैना को किसी को दे दो." वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. उन्हाळ्यात भाडेकरूने खोली सोडली, चिनहटला कारखान्याजवळ घर मिळालं म्हणाला. जाताना म्हणाला, "माताजी, अकेला रहूँगा. ठेकेदार मुझे दे दीजिए." वहिनींनी पिंजरा दिला. दिवाळीत त्या एकदा पेरू घेऊन त्याच्याकडे जाऊन आल्या. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, "उंबऱ्यावरच बोलला. आत या म्हणाला नाही. आतून हे मात्र बोलत होते." हे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

डिसेंबरात दोन माणसं माझ्या बँकेत आली. एक दिल्लीचे अधिकारी लक्ष्मीकांत मिश्र, परदेशी पोलिसांबरोबरचं कामकाज बघणाऱ्या खात्यातले. दुसरा युरोपातल्या एका देशाचा इन्स्पेक्टर, उंच, फिकट, पापण्यासुद्धा पांढऱ्या. त्याचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. मिश्रांनी विचारलं, "आपके समाज में विदर्भ का कोई बुज़ुर्ग जोड़ा है? औरत का नाम मधू?"

मंडळाचा सेक्रेटरी मी. कुणी माहिती विचारली की छाती फुगते. "है ना! मधुमती देशकर. मेरे पड़ोस में. लेकिन पती तो चार साल पहले गुज़र गए." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मग मिश्रांनी सांगितलं. त्या गोऱ्याच्या देशात एका स्टेशनवर बॉम्ब फुटला होता, माणसं मेली होती. तिथल्या एका संशयिताचा फोन पोलीस चोरून ऐकत होते. त्या फोनवर लखनौहून कुणीतरी पुढच्या स्फोटाच्या सूचना देत होता. शहर कळलं होतं, घर कळलं नव्हतं. त्याचं बोलणं चालू असताना मागे दाराची कडी वाजली आणि आणखी दोन आवाज आले. तिकडच्या लोकांनी शिस्तीत आवाजांना नंबर दिले. एक आणि दोन फोनवर बोलणारे. तीन म्हणजे साठीचा पुरुष, चार म्हणजे त्याची बायको. तिथे शिकणाऱ्या एका मराठी पोराकडून भाषांतर करून घेतलं: तीन नंबर म्हणतो, मधू, दार उघडू नकोस. चार नंबर विचारते, कोण आहे. याचा अर्थ म्हातारा-म्हातारी पहाऱ्यावर आहेत. कागद इंटरपोलमार्फत दिल्लीला आले. दिल्लीत कुणा नागपूरकराने ऐकून सांगितलं, ही वऱ्हाडकडची बोली. इतक्या देशांचे इतके शहाणे लोक एका वाक्यावर बसले होते आणि कुणाच्याही डोक्यात पाखरू आलं नाही.

मी टेप ऐकायच्या आधीच ओरडलो, "साहब, वो मैना है!"

मिश्रांनी हातातला कागद मिटला. "मैना," ते म्हणाले. "अच्छा. मैना दिखाइए."

तिथेच तर घोडं अडलं होतं.

त्यांना घेऊन वहिनींकडे गेलो. मिश्रांनी कडी वाजवली. या वेळी घरात मैना नव्हती, तरी आतून आवाज आला, "कोण आहे?" वहिनींना पंचवीस वर्षांची सवय. गोऱ्या इन्स्पेक्टरने मान वर केली. त्याने टेपवर तो आवाज शेकडो वेळा ऐकला असणार. त्याला मराठी येत नव्हतं, पण ते दोन शब्द मात्र त्याला पाठ होते.

टेप लावली. आधी खरखर, मग भाडेकरूचा आवाज, तोच मऊ, अदबीचा, कुठल्या फलाटावर काय ठेवायचं ते सांगणारा. वहिनींच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग कडी वाजली आणि देशकर म्हणाले, मधू, दार उघडू नको वं.

"फिर से लगाइए," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा लावली. "फिर से." तिसऱ्यांदा ऐकून त्या म्हणाल्या, "विष्णूभाऊ, ठेकेदाराला सर्दी झाली आहे. आवाज बसलाय. पोराने वाऱ्यावर ठेवला असेल."

मिश्रांनी मला बाजूला घेतलं. त्यांचं खरं होतं, त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. चार नंबरचा आवाज या बाईचा. भाडेकरू हिच्या घरातला. मैना कुठे आहे तर ज्याला शोधतोय त्याच्याकडे. "मैना नहीं मिली, तो इन्हें साथ ले जाना पड़ेगा," ते म्हणाले. "आतंकवादियों को पनाह देने में. फिर बात हमारे हाथ में भी नहीं रहेगी, दूसरा मुल्क भी माँगेगा." परदेशी कोर्टात उभ्या राहिलेल्या वहिनी मला डोळ्यांसमोर दिसल्या. सगळ्यांना दार उघडणाऱ्या बाईवर आता एकच दार उघडायची वेळ आली होती आणि ते चिनहटमध्ये होतं. त्यांनाच ते घर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. असं धुकं की फैजाबाद रोडवर समोरच्या ट्रकचा फक्त लाल दिवा दिसत होता. जीपमध्ये वहिनी मधे, मी एका बाजूला, गोरा दुसऱ्या. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत एका टोकाला ते घर. मिश्रांची माणसं आधीच साध्या कपड्यात पोचली होती, शेजाऱ्यांना विचारून झालं होतं.

दूधवाला म्हणाला, इथे म्हातारं जोडपं राहतं. रोज कडी वाजवली की म्हातारा ओरडतो, म्हातारी विचारते. मी म्हणतो दूधवाला, मग ते गप्प होतात, मी पिशवी कडीला अडकवून जातो. समोरची बाई म्हणाली, बुढ्ढा कभी बाहर नहीं आता, बहुत बीमार है. खोकतो पण, रात्रीचा ऐकू येतो. आणि तिने जीपमध्ये डोकावून वहिनींकडे बोट केलं. "यही तो हैं. दिवाली में देखा था मैंने, दरवाज़े पर."

ती खोटं बोलत नव्हती. खोकला देशकरांचाच, मैनेने तोही उचललेला. दिवाळीत वहिनी खरंच तिथे उभ्या होत्या. पोराने पाखरू का मागून नेलं, ते मला तेव्हा कळलं. एकटा तरुण राहतो म्हटलं की गल्ली चौकशा करते. आजारी म्हातारा आणि त्याची बायको असली की कुणी विचारत नाही. त्याने वहिनींचा मेलेला संसार उचलून नेऊन तिथे मांडला होता, आणि सगळी गल्ली त्या दोघांच्या शेजारी सुखाने राहत होती. मला इतका संताप आला की त्या क्षणी तो समोर हवा होता.

दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. आतून बंद. चार शिपाई दोन्ही बाजूंना बंदुका घेऊन उभे राहिले. आम्हाला मागे थांबवलं होतं, पण वहिनी चालत पुढे गेल्या, म्हणून मीही गेलो. मिश्रांनी कडी वाजवली.

"मधू, दार उघडू नको वं. आधी विचार, कोण आहे तं."

आवाज घोगरा झाला होता, पण देशकरांचाच. शिपायांनी बंदुका वर केल्या. मग आतून वहिनींचा आवाज आला, "कोण आहे?"

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. सगळे वळून त्यांच्या ओठांकडे बघायला लागले. त्यांचे ओठ मिटलेले होते. गोऱ्या इन्स्पेक्टरने कपाळाला आणि छातीला हात लावला. एक शिपाई हनुमानाचं नाव घ्यायला लागला. धुक्यात त्या दाराआड एक नवराबायको उभे आहेत आणि बाहेर त्यातलीच एक उभी आहे, असं मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं.

मिश्र सर्वांत आधी भानावर आले. "मैना ही है," ते म्हणाले. "तोड़ो दरवाज़ा."

"नहीं," वहिनी म्हणाल्या.

त्या दारापुढे जाऊन उभ्या राहिल्या, पाठ दाराला लावून. "साहब, दरवाज़ा मत खोलिए."

"क्यों?"

"ये मना कर रहे हैं."

मिश्रांचा तोल सुटला. ही बाई वेळ काढते आहे, आत कुणीतरी आहे, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मला म्हणाले, बाजूला करा यांना, नाहीतर आत्ता बेड्या घालतो. मी वहिनींचा हात धरला. "वहिनी, अहो पाखरू आहे ते. कडी वाजली की बोलतं. तुम्हीच तर सगळ्यांना सांगत आलात ना?"

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "भाऊ, तो पोरगा पहिल्यांदा आला तेव्हाही हे ओरडले होते. मी उघडलं. आज नाही उघडत."

गोऱ्याने मिश्रांच्या खांद्यावर हात ठेवला. इंग्रजीत एवढंच म्हणाला, की आमच्याकडे असं एक दार आम्ही घाईने उघडलं होतं. त्यात माझा जोडीदार गेला. मग तो घरामागे गेला, न्हाणीच्या झरोक्यातून टॉर्च आणि आरसा घालून बघत राहिला. परत येऊन त्याने जे पाहिलं ते सांगितलं. दाराच्या आतल्या कडीला तार होती. तार एका डब्यापर्यंत गेली होती. डब्याशेजारी पिंजरा, पिंजऱ्यात सत्तूची वाटी, पाणी आणि ठेकेदार. कुणी कडी वाजवावी, आतून माणसाचा आवाज यावा, आणि ऐकणाऱ्याने दार तोडावं, एवढ्यासाठी पोराने पाखरू मागे ठेवलं होतं. स्वतः मागच्या भिंतीवरून गेला होता.

बॉम्बवाल्या पथकाने दुपारपर्यंत काम केलं. पिंजरा बाहेर आला तेव्हा ठेकेदार पिसं फुलवून बसला होता. गोऱ्याने त्याच्यासमोर एका फळकुटावर कडीसारखी टकटक केली, दोन्ही वाक्यं टेपवर घेतली आणि कागदावर काहीतरी लिहून मिश्रांच्या सहीला दिलं. तीन आणि चार नंबर रद्द. वहिनी सुटल्या. मिश्रांनी हात जोडून माफी मागितली, ते मला आवडलं.

ठेकेदार घरी आला. समीर फोनवर कुरकुरला, वहिनींनी फोन ठेवून दिला. पण पाखरू आता बदललं होतं. कडी वाजली की देशकर नको म्हणायचे, वहिनी कोण म्हणायच्या, आणि मग तिसरा आवाज यायचा, मऊ, अदबीचा, "मैं हूँ, माताजी." चिनहटला दारात आला की तो रोज हेच म्हणत असणार. ऐकून सुरुचीने आमच्या मुलांना तिकडे पाठवणं बंद केलं. मीही कडी वाजवायची सोडली, खिडकीतून हाक मारायचो. वहिनी मात्र म्हणाल्या, "असू द्या. घरात तिघं झाली." त्या पोराच्या नावाने, म्हणजे त्याच्या फोटोवर, सगळ्या देशांत रेड कॉर्नर नोटीस निघाली होती. आणि तो त्यांच्या पिंजऱ्यात बसून रोज त्यांना माताजी म्हणत होता.

फेब्रुवारीतली गोष्ट. संध्याकाळ, लाईट गेलेली, धुकं उतरायला लागलेलं. वहिनी देवापाशी दिवा लावत होत्या. कडी वाजली. देशकर म्हणाले, दार उघडू नको. पिंजऱ्यातली मधू म्हणाली, कोण आहे? मग आवाज आला, "मैं हूँ, माताजी." वहिनी उठल्या, पदराला हात पुसले, निघाल्या. दारापर्यंत पोचल्या तेव्हा त्यांच्या पाठीमागून, पिंजऱ्यातून, पुन्हा तेच आलं, "मैं हूँ, माताजी."

पहिला आवाज बाहेरून आला होता.

"ठंड बहुत है," बाहेरचा म्हणाला. "दो दिन से कुछ खाया नहीं. माताजी, खिचड़ी है?"

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. लाकडाच्या त्या बाजूला त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने पुन्हा हळूच कडी वाजवली आणि मागून देशकर जोरात ओरडले. बाहेरचा हसला, म्हणाला, "ठेकेदार को मेरा सलाम," आणि पावलं गेली. तेव्हा कुठे वहिनींनी फोन उचलून मला सांगितलं, मी मिश्रांना. दोन दिवसांनी तो लखनौबाहेर बख्शी का तालाबजवळ एका ट्रकच्या मागे सापडला. त्याच्याकडे पिस्तूल होतं. गोरा त्याची चौकशी करायला पुन्हा लखनौला आला, तेव्हा वहिनींसाठी पेरूंची टोपली घेऊन आला. कुणी शिकवलं त्याला, कोण जाणे.

तो दारात आला त्या रात्री मी आणि सुरुची धावत गेलो तेव्हा वहिनी दाराला आतून डोकं टेकून उभ्या होत्या, पूर्वी बाहेरून उभ्या राहायच्या तशाच. गॅसवर खिचडी शिजत होती.

"खिचडी कुणासाठी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तो भुकेला आहे म्हणाला ना," त्या म्हणाल्या. "हात कडीवर होता माझा, विष्णूभाऊ. उघडणारच होते." मग पिंजऱ्याकडे बघून डोळे पुसले. "सगळ्या संसारात ह्यांचं दोनदाच ऐकलं. तेही हे गेल्यावर."

खिचडी आम्ही तिघांनी खाल्ली.